डोळे मिटून केलेला सराव: तुमच्या खेळात, वाद्यात, कामात तो कसा करता?

दहावं वर्तुळ

नमस्कार मंडळी,

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दहा मीटरवरून तो नेमबाजाला दिसत नाही. पुढच्या साइटच्या कड्यात काळं वर्तुळ मधोमध बसवायचं आणि ट्रिगर दाबायचा, एवढंच हातात असतं. पात्रता फेरीत असे ६० शॉट, ७५ मिनिटांत. साठही वेळा शरीराने तीच गोष्ट त्याच क्रमाने करायची. त्यामुळे आमच्या खेळात मनातला सराव हा काही वेगळा किंवा गूढ विषय नाही. वॉर्मअप आणि ड्राय फायर (गोळी न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव) यांच्यासारखाच तो रोजच्या वेळापत्रकात असतो.

मी कोल्हापुरात मुलांना रायफल शिकवते. २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हापासून नवी मुलं बरीच येतात, आणि येताना मोबाइलवरून ‘व्हिज्युअलायझेशन’ शिकून येतात. डोळे मिटा, पोडियम बघा, राष्ट्रगीत ऐका, पदक गळ्यात आलंच आहे असं समजा. मुलांना हे असं शिकवणं मला मनापासून चुकीचं वाटतं, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्याकडे मनात फक्त एक शॉट उभा करायचा असतो. पायांखालची जमीन, दोन्ही पावलांवरचा भार, जॅकेटचा ताठपणा, डाव्या कोपराला कमरेच्या हाडाचा आधार, गालाला लागणारा चीकपीसचा (रायफलवर गाल टेकायच्या भागाचा) गारवा. मग श्वास अर्धा सोडून थांबणं, काळं वर्तुळ कड्यात स्थिरावणं, ट्रिगरचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा. शॉट सुटल्यावरही दोन सेकंद रायफल तशीच धरून ठेवणं. हे सगळं खऱ्या शॉटला जितका वेळ लागतो तितक्याच वेळात व्हायला हवं. मी स्टॉपवॉच लावते. मुलाचा खरा शॉट वीस सेकंदांचा आणि मनातला सहा सेकंदांत उरकत असेल, तर मधल्या कितीतरी पायऱ्या त्याच्या मनात नाहीतच, हे त्यालाही कळतं.

अभिनव बिंद्राचं उदाहरण मुलांना नेहमी देते. २००४ मध्ये अथेन्सला तो पात्रता फेरीत तिसरा होता आणि अंतिम फेरीनंतर सातवा. २००८ मध्ये बीजिंगला शेवटचा शॉट उरला तेव्हा तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते. हाक्किनेनचा शॉट ९.७ गेला, बिंद्राचा १०.८. त्या क्षणी सुवर्णपदकाचा विचार मनात आणून काहीच उपयोग नव्हता. उपयोग होता तो मधल्या चार वर्षांत पक्क्या केलेल्या त्या क्रमाचा.

हे फक्त अनुभवाचे बोल नाहीत. १९८३ मध्ये फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी अशा ६० अभ्यासांचा एकत्रित हिशोब मांडला. काहीच सराव न करण्यापेक्षा नुसता मनातला सरावही काहीसा चांगला, असं त्यात दिसलं. २००१ मध्ये होम्स आणि कॉलिन्स यांनी मनातल्या सरावात काय काय असावं याची मांडणी केली: शरीराची स्थिती, जागा, नेमकं काम, वेळ, शिकण्याचा टप्पा, भावना आणि दृष्टिकोन. म्हणून माझी मुलं गादीवर लोळत हा सराव करत नाहीत. जॅकेट घालून, पवित्रा घेऊन, जमल्यास रेंजवरच करतात.

तुमच्या क्षेत्रात हे कसं चालतं? गाणारे, वाजवणारे, डॉक्टर, खेळाडू, सगळ्यांनी लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

रानजाई

छान विषय, ताई. वाचतेय.

तिरकिटधा

आमच्याकडे याला वेगळं नाव द्यायची गरजच पडली नाही, कारण तबल्यात पढंत पहिल्या दिवसापासून असते. बोल तोंडाने स्वच्छ येत नाही तोवर गुरुजी हात तबल्यावर ठेवू देत नाहीत. दिल्लीचा तो सगळ्यांना येणारा कायदा घ्या: धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना. आधी हातावर ताल देत म्हणायचा, मग दुप्पट लयीत म्हणायचा, मग वाजवायचा.

पण ताईंनी लिहिलेली खरी गोष्ट त्याच्या पुढच्या पायरीवर येते. माझे काही विद्यार्थी लोकलने दोन-दोन तास प्रवास करतात. त्यांना मी सांगतो की तोंडाने म्हणू नका, हात मांडीवर वाजवू नका, फक्त मनात वाजवा. ‘ति’ला मधलं आणि अनामिका शाईवर पडलेली जाणवली पाहिजे, ‘ट’ला तर्जनी. ‘धागे’ला डग्ग्यावरचं मनगट जाणवलं पाहिजे. ‘तिना किना’ला डग्गा बंद झाला की नाही तेही मनात ऐकू आलं पाहिजे. आणि सम चुकता कामा नये.

हे करताना हमखास एक गोष्ट होते. तिसऱ्या किंवा चौथ्या पलट्यात (कायद्याचेच बोल फिरवून केलेल्या प्रकारात) कुठेतरी बोल पुसट होतो. विद्यार्थी नकळत तेवढा भाग उडी मारून ओलांडतो आणि पुढे सापडलेल्या बोलावर उभा राहतो. घरी तबल्यावर बसला की हात नेमका तिथेच अडतो. प्रत्यक्ष वाजवताना बोटांची सवय ती जागा कशीबशी झाकून नेते, मनात मात्र झाकायला काही नसतं. माझ्या दृष्टीने मनातल्या सरावाचा सगळ्यात मोठा फायदा हाच: नेमकं कुठे येत नाही ते कळतं.

पियानोवर झालेला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी वाजवायला न येणाऱ्या लोकांना एका हाताच्या पाच बोटांचा एक पाठ दिला. एक गट पाच दिवस रोज दोन तास तो वाजवत होता. दुसरा तेवढाच वेळ पियानोसमोर बसून, बोटं न हलवता, मनात वाजवत होता. मेंदूतला बोटांचा ताबा असलेला भाग दोन्ही गटांत सारखाच विस्तारला. वाजवण्यात मात्र मनातला गट पाच दिवसांनी तिथे पोचला जिथे वाजवणारे तिसऱ्या दिवशी होते. मग त्यांना फक्त दोन तास प्रत्यक्ष वाजवू दिलं, तर ते वाजवणाऱ्यांच्या पाचव्या दिवसाच्या पातळीवर आले. शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. मनात केलेलं काम बोटांत उतरायला थोडा खरा रियाज लागलाच, पण उतरलं ते झपाट्याने.

शंकेखोर

धागा वाचून बरं वाटलं, कारण या विषयावर सहसा फक्त फॉरवर्ड फिरतात. त्यातले दोन इथेच बाजूला काढू या. एक बास्केटबॉलचा: एका गटाने महिनाभर चेंडू टाकले, दुसऱ्याने फक्त कल्पना केली, आणि दोघांची सुधारणा जवळजवळ सारखीच. दुसरा युद्धकैद्याचा, जो कैदेत वर्षानुवर्षं मनात गोल्फ खेळला आणि सुटल्यावर थेट उत्तम खेळला. दोन्ही गोष्टींतले तपशील फॉरवर्डगणिक बदलतात, मूळ शोधनिबंध कुणी समोर ठेवत नाही. कुणाला पटवून देण्यासाठी यांचा आधार घेऊ नका.

ज्यावर विसंबता येईल ते असं. १९९४ मध्ये ड्रिस्केल, कॉपर आणि मोरान यांनी पुन्हा एकत्रित हिशोब केला. मनातला सराव उपयोगी, पण प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी. ज्या कामात विचार, क्रम, निर्णय जास्त, तिथे फायदा जास्त. जिथे नुसती ताकद किंवा स्नायूंचं काम, तिथे कमी. एका वेळी साधारण वीस मिनिटं पुरतात, त्यापुढे ताणून काही मिळत नाही. आणि परिणाम टिकत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत उजळणी हवी.

ताकदीबद्दलही एक आकडा फिरतो तो खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. २००४ च्या रंगनाथन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात लोकांनी १२ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज १५ मिनिटं फक्त मनात करंगळी बाजूला ताणली. ताकद ३५ टक्क्यांनी वाढली. त्याच अभ्यासात प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ५३ टक्क्यांनी वाढली, आणि मनातल्या सरावाने कोपराच्या ताकदीतली वाढ फक्त १३.५ टक्के झाली. सहभागी मोजकेच होते. करंगळीसारख्या, रोज फारसं काम नसलेल्या स्नायूवरून कुणी जिम सोडून खुर्चीत बसू नये.

दहावं वर्तुळ

शंकेखोर, पूर्ण सहमत. माझी मुलं एकही खरा शॉट कमी करत नाहीत. पण जॅकेट घालून सलग उभं राहण्याला शरीराची मर्यादा असते, पाठ बोलायला लागते. वाढत्या वयाच्या मुलांची पाठ मला जपायची असते. अशा वेळी आणखी शॉट मारून घेण्यापेक्षा थोडे मारायचे आणि मधल्या विश्रांतीत मनात घ्यायचे, हे जास्त शहाणपणाचं वाटतं. पेलेटचा (छर्ऱ्यांचा) खर्च वाचतो ही गोष्टही आमच्याकडच्या पालकांसाठी लहान नाही.

तिरकिटधा सर, ‘मनात झाकायला काही नसतं’ हे रेंजवरच्या फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

काळा पडदा

मला यात एक मूलभूत अडचण आहे. डोळे मिटल्यावर मला काहीच दिसत नाही. लहानपणी शिक्षक ‘डोळ्यांसमोर आणा’ म्हणायचे तेव्हा मला ती बोलण्याची पद्धत वाटायची. लोकांना खरंच काहीतरी दिसतं हे मोठेपणी कळलं. आईचा चेहराही मला चित्र म्हणून आठवत नाही. तो कसा आहे हे माहीत असतं, एवढंच. अॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याला अफँटेशिया असं नाव दिलं. इंग्लिश संशोधक फ्रान्सिस गाल्टनने तर १८८० मध्येच लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगून हा फरक नोंदवला होता.

मी स्टुटगार्टला असतो, इथल्या क्लबात बॅडमिंटन खेळतो. प्रशिक्षक म्हणतात, स्मॅश मनात बघ. बघणार कसा? माझ्यासारख्यांसाठी हा रस्ता बंदच का?

फिजिओ मिरज

काळा पडदा, मुळीच बंद नाही. तुम्ही एक करून पाहा. उजवी मूठ घट्ट आवळल्याची कल्पना करा, प्रत्यक्षात हात हलवू नका. तळव्यात नखं रुतल्यासारखं, मनगटाजवळ ताण आल्यासारखं काही जाणवतं का? चित्र दिसणं आणि हालचाल जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हालचालींच्या सरावात दुसरी फार महत्त्वाची असते. चित्र अजिबात न दिसणाऱ्या काहींना ही जाणीव व्यवस्थित येते. सगळ्यांना येतेच असं नाही, म्हणून करूनच पाहायचं.

माझं काम लकवा झालेल्या रुग्णांबरोबर चालतं. तिथे हात हलतच नसतो, त्यामुळे मनातला सराव हाच कधीकधी सरावाचा पहिला प्रकार ठरतो. हालचालीची कल्पना करताना मेंदूतले हालचाल आखणारे बरेचसे भाग प्रत्यक्ष हालचालीसारखेच कामाला लागतात. मार्क जेनरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मनात चालून एखादं अंतर पार करायला साधारण तेवढाच वेळ लागतो जेवढा खरोखर चालायला. पार्किन्सनमध्ये प्रत्यक्ष हालचाल मंदावते, तशी मनातलीही मंदावते. म्हणून ताईंचं स्टॉपवॉच मला इतकं आवडलं. आम्हीही तेच वापरतो.

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (उपचारांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा) लकव्यानंतर हाताच्या उपचारांना मनातल्या सरावाची जोड दिली तर बहुधा फायदा होतो. ‘जोड’ महत्त्वाची, त्याच्या जागी नाही. माझ्या अनुभवात काम ओळखीचं असलं की फरक पडतो. ‘बोटं उघडा-मिटा अशी कल्पना करा’ म्हटलं की रुग्ण दोन मिनिटांत कंटाळतो. आयुष्यभर पोळ्या केलेल्या आजींना ‘गोळा उचला, पिठात बुडवा, पोळपाटावर ठेवा, लाटणं फिरवा’ म्हटलं की चेहराच बदलतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या हाताची बोटं आपोआप हलायला लागतात. शेतकरी असेल तर खुरपं धरायला लावते. आधी चांगल्या हाताने ते काम करून घ्यायचं, त्याचा वेग आणि जाणीव लक्षात ठेवायची, मग तेच मनात दुसऱ्या हाताने.

घरी कुणी रुग्ण असेल तर हे वाचून स्वतः सुरू करू नका. दुखणाऱ्या हाताची नुसती कल्पना करूनही काहींचं दुखणं वाढतं. आपल्या थेरपिस्टशी बोला.

काळा पडदा

मूठ आवळून पाहिली. जाणवतं! मनगटात अगदी स्पष्ट जाणवतं. म्हणजे स्मॅश बघायचा नाही, खांद्यातून अनुभवायचा. आभारी आहे ताई.

बारावीची आई

माझा प्रश्न खेळाचा नाही, चालेल ना? माझी मुलगी नीटची तयारी करतेय. एका शिबिरात मुलांना सांगितलं की रोज रात्री झोपताना निकालाचा कागद डोळ्यांसमोर आणा, त्यावर आपले मार्क बघा, पांढरा कोट घातलेला बघा. ती अगदी मनापासून करते, प्रसन्न दिसते, झोपते. अभ्यासात मात्र फरक दिसत नाही, उलट थोडी ढिलाईच वाटते. तिला थांबवू का? थांबवलं तर खच्चीकरण होईल अशी भीती वाटते.

शंकेखोर

ताई, तुमचं निरीक्षण अचूक आहे. नेमकं हेच तपासलेला अभ्यास आहे. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी तो कॅलिफोर्नियात केला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आधीचे काही दिवस विद्यार्थ्यांच्या एका गटाने रोज थोडा वेळ चांगले मार्क मिळाल्याची कल्पना केली. दुसऱ्या गटाने कल्पना केली ती अभ्यासाला बसण्याची: कुठे बसलोय, कोणतं प्रकरण उघडलंय, टीव्ही बंद केला, मित्राने बाहेर बोलावलं तर नाही म्हटलं. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, त्यांची धास्ती कमी झाली, मार्क चांगले आले. फक्त निकालाचं चित्र बघणाऱ्यांचे अभ्यासाचे तास उलट कमी भरले.

तेव्हा थांबवू नका, चित्र बदला. रात्री झोपताना उद्याची सकाळ बघायची: किती वाजता उठले, टेबलावर कोणतं पुस्तक आहे, फोन कुठल्या खोलीत ठेवलाय, पहिला प्रश्न कोणता सोडवतेय. अडले तर काय करणार, तेही. पांढरा कोट राहू दे तिच्या मनात, पण वेळ दुसऱ्या चित्राला द्यायचा.

दहावं वर्तुळ

+१. आणि ताई, परीक्षेचं केंद्र आधी एकदा दाखवून आणा. जागा बघितलेली असली की मनात उभी करणं सोपं जातं. आम्ही शक्य असेल तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी रेंजवर नुसतं उभं राहून येतो: दिवे कसे आहेत, मागे प्रेक्षक किती जवळ बसतात, माइकचा आवाज कुठून येतो.

अडीच घरं

बुद्धिबळाच्या बाजूने थोडं. मी नागपूरला मुलांना शिकवतो. २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडेही तुमच्यासारखीच गर्दी आहे. पालक विचारतात, मुलाला डोळे बांधून खेळायला कधी शिकवणार? तिमूर गारेयेवने २०१६ मध्ये डोळे बांधून एकाच वेळी ४८ पटांवर खेळून विक्रम केला, त्याचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ चा अभ्यास इथे डोळे उघडणारा आहे. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ तशीच्या तशी मांडतो, नवशिक्याला थोडीच मोहरी आठवतात. पण मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली तर निष्णाताचा मोठा फायदा जवळपास नाहीसा होतो. म्हणजे त्याचं मन फोटो काढत नाही. त्याच्या ओळखीच्या रचना त्याला दिसतात. त्या हजारो डावांतून आलेल्या असतात.

यातून माझी शंका अशी: ज्याला अजून काही येतच नाही त्याने मनात सराव कशाचा करायचा? चुकीची हालचाल मनात शंभरदा केली तर चूकच पक्की नाही का होणार? वहीत चुकीचं शुद्धलेखन गिरवणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

दहावं वर्तुळ

होणार. त्यामुळे नव्या मुलांना मी सुरुवातीचे काही आठवडे हे देतच नाही. पवित्रा बसला, चांगला शॉट कसा लागतो याची शरीराला ओळख झाली, की मगच. एखादा शॉट अगदी नेमका गेला की लगेच रायफल खाली घेऊन डोळे मिटायला लावते: आत्ता काय जाणवलं ते पुन्हा आण. ताजा अनुभव हीच प्रत. आणि मुलं मनात काय करतात ते मोठ्याने बोलायला लावते. मनात ट्रिगर झटक्यात ओढणारी मुलगी बोलताना सापडतेच.

टाके घालणारी

शस्त्रक्रियेतही हीच पद्धत आहे. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया शिकणाऱ्यांवर लंडनमध्ये झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. प्रत्येक सत्राआधी अर्धा तास मनातला सराव केलेल्यांचं सिम्युलेटरवरचं काम न केलेल्यांपेक्षा सरस ठरलं. त्यांना मोकळं सोडलेलं नव्हतं, लिहिलेली संहिता होती: कुठला पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत घालायचं छिद्र) आधी, काय दिसेल, हाताला काय लागेल.

मी स्वतः आदल्या संध्याकाळी क्रम मनात घेते, पण सुरळीत शस्त्रक्रिया एकदाच. नंतर अडथळे. पित्ताशय चिकटलेलं निघालं, नलिका आणि रक्तवाहिनी वेगळी दिसत नाही, अचानक रक्त आलं. प्रत्येक वेळी माझा पुढचा हात कुठे जाईल, सिस्टरांकडे काय मागेन, कुठल्या टप्प्यावर वरिष्ठांना बोलावेन. रक्त आल्याची कल्पना करणं म्हणजे अशुभ चिंतणं असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

शंकेखोर

ही फार महत्त्वाची बाजू. फरक इतकाच की अडथळ्यानंतर आपण काय करतो तेही चित्रात असलं पाहिजे. १९८५ मध्ये वुलफोक आणि सहकाऱ्यांनी गोल्फच्या ‘पट’वर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायच्या फटक्यावर, प्रयोग केला. चेंडू भोकाजवळून निसटतोय असं मनात पाहणाऱ्यांचे पट प्रत्यक्षातही बिघडले. तिथे चित्र चुकीवरच संपत होतं. तुमचं चित्र रक्त थांबवण्यावर संपतं.

दुसरं टोक म्हणजे मायकेल फेल्प्स. २००८ मध्ये बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी काही दिसेना. तो हात मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून जिंकला. प्रशिक्षक बॉब बोमन त्याच्याकडून रोज रात्री आणि सकाळी शर्यत मनात पोहून घेत, आणि त्यात गडबडीचे प्रसंगही असत.

जुना चढाईपटू

सगळं वाचलं. रायफल, तबला, शस्त्रक्रिया, पोहणं यात एक साम्य दिसतं: समोर कुणी आडवं येत नाही. कबड्डीत ३० सेकंदांची चढाई, समोर सात जण, आणि त्यांच्या मनात काय आहे ते तुमच्या मनात कसं येणार? मी मुलांना हे शिकवायचा प्रयत्न केला. मुलं मनात हवी तशी चढाई करतात आणि दरवेळी गुण घेऊन परततात. मैदानात डावा कोपरारक्षक घोटा धरतो आणि संपलं. मला वाटतं खेळाचे दोन प्रकार वेगळे धरायला हवेत.

दहावं वर्तुळ

काका, वेगळे धरायला हवेत हे मान्य. आखलेली पूर्ण चढाई मनात करण्यात अर्थ नाही. पण एक प्रसंग घेता येईल. समोर सहा जण आहेत म्हणजे बोनस उघडा आहे. डू ऑर डाय चढाई आहे, म्हणजे गुण आणला नाही तर बाद. कोपरारक्षकाचं वजन पुढच्या पायावर आलं की तो झेपावणार. एवढंच चित्र, आणि त्याला तुमच्या मुलाचं एक उत्तर. मग तेच चित्र, पण कोपरारक्षक मागे राहिला, उत्तर दुसरं. प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ असतील तर ते आधी दाखवा, म्हणजे मनातला कोपरारक्षक खऱ्यासारखा वागेल.

जुना चढाईपटू

असं तुकड्यांत करून पाहतो. मनातला कोपरारक्षक दरवेळी हरतो हीच अडचण होती. आता त्याला जिंकूही द्यायचं, आणि मग मध्यरेषेकडे हात कसा टाकायचा ते घ्यायचं. संघातला कोपरारक्षकच शेजारी बसवतो, तोच सांगेल तो काय करणार होता.

रानजाई

मी कथक करते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तुकडे मनात घ्यायला लागले की छातीत धडधड सुरू होते आणि झोप उडते. असं कुणाचं होतं का? मग करावं की करू नये?

तिरकिटधा

रानजाई, रात्री अंथरुणात करू नका. दुपारी, बसून, घुंगरू बांधून करा. आदल्या रात्री नवं काही मनात घ्यायचं नाही, फक्त सुरुवातीचा ठाठ आणि पहिली आमद. बाकी शरीराला माहीत आहे.

सचिन तेंडुलकरने २०२१ मध्ये सांगितलं होतं की त्याची दहा-बारा वर्षं अशा अस्वस्थतेत गेली, सामन्याआधी रात्र-रात्र झोप लागत नसे. सामना मैदानात उतरण्याच्या खूप आधी डोक्यात सुरू व्हायचा. पुढे त्याने ते आपल्या तयारीचाच भाग म्हणून स्वीकारलं, आणि चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, बॅग भरणं यांत मन रमवलं. धडधड होणं म्हणजे काही बिघडलंय असं समजू नका.

ताईंना एक विचारायचं होतं. तुम्ही खऱ्या वेळेचा आग्रह धरता. आमच्याकडे कठीण रेला (जलद लयीत वाजवायची रचना) मनातही आधी विलंबितच घेतो. ते चूक का?

दहावं वर्तुळ

चूक नाही, सर. शिकताना, अडलेली जागा सोडवताना संथ घ्यायचंच. माझी मुलंही ट्रिगरचे दोन टप्पे संथ घेतात. पण सत्राचा शेवट खऱ्या वेगात करायचा, कारण मंचावर आणि रेंजवर तोच वेग लागणार.

काळा पडदा यांच्यासाठी मी मुलांना वाचून दाखवते ती संहिता इथे देते. यात बघण्याचा एकही शब्द नाही, मुद्दामच:

‘डावं पाऊल, उजवं पाऊल, भार दोन्हीवर सारखा. गुडघे सैल. कोपर हाडावर टेकलं, खांदा सुटला. रायफलचं वजन हाडांतून जमिनीत उतरतंय. गाल टेकला, गार. श्वास आत, बाहेर, आत, अर्धा बाहेर. बोट ट्रिगरवर, पहिला टप्पा, थांब. वाढतं वजन, वाढतं वजन. सुटला. गाल तिथेच. बोट मागेच. एक, दोन. आता श्वास.’

‘वाढतं वजन’ला मी आवाज खाली आणते. घाई दिसली तर तिथेच थांबवते आणि पुन्हा पावलांपासून.

रानजाई

आभार सर, उद्या दुपारी घुंगरू बांधून करते. ताई, माझा भाचा साताऱ्यात तिरंदाजी शिकतोय. ही संहिता त्याला देऊ का? फक्त शब्द बदलून?

दहावं वर्तुळ

आधी त्याचं धनुष्य कोणतं ते विचारा. रिकर्व्ह असेल तर क्लिकर (बाण पुरेसा खेचला की टक् वाजणारी पट्टी) वाजेपर्यंत पाठीतून ओढ वाढत राहणं हा गाभा आहे. कंपाउंड असेल तर क्लिकर नसतो, रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) असतो आणि खेचून धरल्यावर वजन एकदम कमी होतं. जाणीव पूर्ण वेगळी. शब्द त्यालाच लिहायला सांगा, चांगला बाण गेल्यावर लगेच, वही जवळ ठेवून. मग त्याच्या प्रशिक्षकांना एकदा वाचून दाखवायला सांगा, म्हणजे क्रमात काही राहिलं असेल तर ते भरतील.